सोवळ्यातला डबा

आमच्या पुण्याच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर एक मोरी होती. तिला नळ नव्हता, पाणीही नव्हतं. काचेच्या दाराची थंडगार खोली, भिंतीला लागून कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक वायर, एवढंच. बाहेरगावचं काम उरकून आलं की आधी मोरीत जायचं, आपला तपासणीचा डबा कप्प्यात ठेवायचा, वायर जोडायची, दार लावायचं. मग आतलं यंत्र डब्याची स्मृती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसून काढायचं. हिरवा दिवा लागला की डबा ‘सोवळ्यात’ आला असं आम्ही म्हणायचो. सोवळ्यातल्या डब्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, तो इंटरनेटला जोडायचा नाही. नवीन आलेल्यांना या शब्दांची गंमत वाटायची. पण दोन महिन्यांत तेच इतके कर्मठ व्हायचे की एखाद्या भटजीनं त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

घात त्या मोरीत झाला, म्हणून सुरुवात तिथून केली.

माझं नाव केतकी आवटी. कुणाच्या संगणकांत चोर शिरला की जे लोक धावत येतात, त्यांतली मी एक. चोर कुठून आला, काय घेऊन गेला, अजून आत दडून बसलाय का हे शोधायचं आणि कोर्टात टिकेल असा पुरावा गोळा करायचा, हे आमचं काम. आमचे प्रमुख काळसेकर सर प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, “ज्याची नोंद नाही, ते घडलंच नाही.” कुठल्या यंत्राला कधी हात लावला, कुणासमोर लावला, काय शंका आली, सगळं तिथल्या तिथे लिहायचं. आम्ही शिंकलो तरी त्याची नोंद व्हायची अशी ऑफिसात थट्टा चालायची.

पूर्वी संगणकाची चालती स्मृती वीज गेली की कोरी व्हायची, शाळेतला फळा तास संपल्यावर पुसतात तशी. घाबरून कुणी स्विच बंद केला की निम्मा पुरावा गायब. आमच्या आधीच्या पिढीचं अर्धं आयुष्य त्यावर हळहळण्यात गेलं. मग स्थिर स्मृतीच्या चिप आल्या. त्यांत माहिती विजेच्या भारानं धरून ठेवलेली नसते. प्रत्येक अक्षरागणिक चिपमधल्या पदार्थाची बारीकशी रचनाच बदलते आणि वीज गेली तरी तशीच राहते. संगणक डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चालू होऊ लागले, वीज कमी लागू लागली, आणि बघता बघता भट्टीपासून गिझरपर्यंत सगळीकडे त्याच चिप बसल्या. आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट अशी की, लिहिलेलं पुसलं तरी मागे अंधुक वळ राहायचा. वळ जितका जुना तितका फिका. आमचा डबा तो वळ वाचायचा. मेलेली यंत्रं बोलू लागली, आणि आमचे सुगीचे दिवस आले.

एक गोष्ट मात्र कुणी मनावर घेतली नाही. ‘बंद करून परत चालू करा’ हा जगभर चालणारा उपाय त्या दिवसापासून निकामी झाला होता. आत शिरलेलं आतच राहत होतं. आणि डबासुद्धा त्याच चिपचा बनलेला होता. दुसऱ्याचा वळ वाचायचा म्हणजे तो आधी स्वतःत उमटवून घ्यायचा.

मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयातून आम्हाला बोलावणं आलं, तेव्हा प्रकरण किरकोळ होतं. कुणीतरी जुन्या रुग्णांचे पत्ते चोरले होते. एवढ्यासाठी आमच्यासारख्यांना बोलावत नाहीत, पण रुग्णालय नियमाला पक्कं होतं. सर दुसऱ्या कुणाला पाठवणार होते. मी हट्टानं स्वतःकडे घेतलं, कारण माझे बाबा त्या रुग्णालयाचे रुग्ण होते.

बाबांना कंपवात. साखर कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येईनात. मग डॉक्टर मगदूमांनी त्यांच्या मेंदूत केसाएवढ्या बारीक तारा बसवल्या आणि छातीच्या कातडीखाली बॅटरीची चकती. तारांतून जाणारी मंद वीज मेंदूतला गोंधळ शांत करते. किती वीज सोडायची हे रुग्णालयाचा संगणक ठरवतो आणि मोबाइलच्या जाळ्यावरून प्रत्येक चकतीशी दिवसभर, एकामागून एक, बोलत असतो. शिवाय रुग्णाजवळ एक कळ असते. ती छातीवर धरून दाबली की चकती झोपते, आणि मग तिला फक्त रुग्णालयातच जागं करता येतं. “वीज फार वाढली तर?” मी तेव्हा विचारलं होतं. “आधी बोटं वळतील, मग जबडा धरेल, मग श्वास,” डॉक्टर म्हणाले होते. “पण तसं होऊ नये म्हणून तर संगणक आहे.”

ऑपरेशननंतर बाबांनी पहिल्यांदा स्वतःची दाढी स्वतः केली, तेव्हा मी दाराआड उभी राहून रडले.

मिरजेत माझ्याबरोबर तौसीफ मुजावर होता. तो मूळचा मिरजेचाच, त्यामुळे पहिला अर्धा दिवस त्याला ओळखीच्या लोकांनी चहा पाजण्यात गेला. दुपारी आम्ही दोघांनी आपापले डबे रुग्णालयाच्या मुख्य संगणकाला जोडले. पत्ते कसे गेले ते लगेच सापडलं, एखाद्या शिकाऊ चोरानंही लाजावं इतकं सोपं. पण त्याशिवाय आणखी एक वळ होता. छोटासा, नीटनेटका, आमच्या माहितीतल्या कशाशीही न जुळणारा.

अशा वेळी तुलनेसाठी कोरं यंत्र घ्यायची आमची पद्धत. मी भांडारातून खोक्यातलं सीलबंद यंत्र मागवलं, सील फोडलं, डबा जोडला आणि वाचलं.

तोच वळ.

“कारखान्यातूनच आलं असेल,” तौसीफ म्हणाला.

“वळ बघ किती ठळक आहे. हा आत्ताचा आहे.”

तो खाली जाऊन स्टेशनजवळच्या दुकानातून लहान मुलांचं एक बोलकं खेळणं घेऊन आला. त्यातही तीच चिप असते. या वेळी त्यानं स्वतःचा डबा जोडला. पडद्यावर तोच वळ आला, ताजा, शाई वाळली नसावी असा. खेळणं मधूनच ‘चला, गाणं म्हणू या’ म्हणालं आणि आम्ही दोघंही दचकलो.

त्या यंत्राला आणि त्या खेळण्याला जगात फक्त आमच्या डब्यांचा स्पर्श झाला होता. माझा डबा कधी तौसीफच्या डब्याला भेटला नव्हता. रुग्णालयाच्या संगणकातला वळही आम्ही डबे जोडल्यानंतरचाच होता, म्हणजे तो तिथून आलेला नव्हता. दोघांना जोडणारी जागा एकच होती, मोरी. आम्ही सोवळं म्हणून जिथे सगळ्या कंपनीचे डबे धुवून घेत होतो, तिथेच तो वळ उमटवणारं काहीतरी एका डब्यातून दुसऱ्यात जात होतं. आणि आम्ही ते वाहून नेत होतो, बँकांत, धरणांवर, कारखान्यांत. पत्त्यांची चोरी हे फक्त आमंत्रण होतं. रुग्णालयात शिरायला त्याला कुणीतरी विश्वासाचं माणूस हवं होतं, आणि मी हट्टानं आले होते.

“थांब, आधी नोंद करतो,” म्हणत तौसीफनं टॅब पुढे ओढला.

मी त्याचं मनगट धरलं. कारण त्याच क्षणी मला जालना आठवलं.

जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात गेल्या वर्षी आम्ही दोघंच गेलो होतो. तिथे तौसीफला काहीतरी खटकलं आणि त्यानं रिपोर्टात एक ओळ टाकली, ‘आमच्या डब्यांचीही तपासणी व्हावी.’ आम्ही फाटकापर्यंत पोचलो नाही तोच भट्टीचं नियंत्रण सुटलं आणि वितळलेलं लोखंड बाहेर आलं. रंगनाथ नावाचा कामगार त्यात गेला. चोरानं जाता जाता सूड उगवला, असं आम्ही अहवालात लिहिलं. त्या धामधुमीत ती ओळ दोघंही विसरलो.

मी खुणेनंच तौसीफला उठवलं. दोघांनी फोन टेबलावर ठेवले आणि आम्ही गच्चीवर गेलो. तिथे ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्यांच्यामधे उभं राहून मी त्याला जालन्याची आठवण करून दिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हणजे रंगनाथ माझ्यामुळं गेला.”

“तुझ्यामुळे नाही. पण डब्यांत जे शिरलंय त्याला आपलं लिहिलेलं वाचता येतं. स्वतःला कुणी ओळखलं असं दिसलं की हाताला येईल ते मोडायचं, एवढं त्याला शिकवलंय.”

“कुणी शिकवलंय?”

“माहीत नाही.” ते मला आजही माहीत नाही.

“संगणकाची वायरच उपटली तर?”

“आता उशीर झाला. आपण डबे जोडल्याला तास होऊन गेला. तेवढ्यात ते किती चकत्यांत गेलं असेल कोण जाणे. गप्प बसलो तर पसरत राहील. लिहिलं तर...” सांगलीपासून बेळगावापर्यंत शेकडो माणसं होती, ज्यांच्या छातीत ती चकती होती.

तौसीफनं एका चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. “तोंडानं सांगायचं,” तो म्हणाला. “मगदूम डॉक्टरांना इथं वर घेऊन येतो. दवाखान्यात जे हायत त्यांच्या चकत्या हातानं बंद करू. गावोगाव माणसं पाठवू. फोन न्हाई, मेसेज न्हाई, कागुदसुद्धा न्हाई. तू?”

“मी जयसिंगपूरला जाते.”

“बाबांच्याकडं आधी?”

“हो.”

वॉर्डात शंभर पावलांवर माणसं होती आणि मी स्वतःच्या बापाकडे निघाले होते. मला लाज वाटली, पण पाय थांबले नाहीत. तौसीफ फक्त “जा की मग” म्हणाला.

निघताना मी एक चूक केली. त्या वेळी बाकीच्या तुकड्या कुठे कुठे डबे जोडत होत्या आणि त्यांना थांबवणं भाग होतं, म्हणून मी सरांना फोन लावला.

“सर, तुम्ही ताबडतोब मिरजेला या. फोनवर सांगता येत नाही. आणि कुणालाही मोरी वापरू देऊ नका.”

सरांनी दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, “डब्यांबद्दल आहे का काही?”

“सर, तुम्ही येईपर्यंत कृपा करून काही लिहू नका.”

“लिहू नका?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. “केतकी, तू मला हे सांगतेस? बरं. निघतो मी.”

मला वाटलं, ऐकलं त्यांनी.

बाबा अंगणात शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते. स्क्रू पिटुकले होते आणि बाबांची बोटं ते नेमके उचलत होती. मला बघून ते हसले. “आज कशी वाट चुकलीस? जेवलीस का?”

मी सगळं सांगितलं, भराभर, उलटंसुलटं. ते हातातला स्क्रू तसाच धरून ऐकत राहिले. कारखान्यातला बॉयलर बिघडल्याचं ऐकतानाही ते असेच ऐकत असणार.

“कळ कुठाय तुमची? आधी बंद करा. आत्ता.”

बाबांनी खिशातून कळ काढली आणि तशीच हातात धरून बसले. “बंद केली की मला उभं ऱ्हाता येणार न्हाई. ठाऊक हाय न्हवं?”

“मी आहे ना.”

“तू हायस. पर मंडळ?”

जयसिंगपुरातल्या चकतीवाल्या दहाबारा जणांनी आपलं एक मंडळ काढलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं थरथर मंडळ. रविवारी कॅरम खेळायचे, एकमेकांची टर उडवायचे.

“त्यांच्याकडे मी जाते ना, बाबा.”

“आणि काय सांगणार? यंत्र बंद करा म्हणून? गेल्या साली तूच न्हवंस काय भाषण दिलंस आम्हाला? कुणीबी येऊन यंत्र बंद करा म्हटलं तर ऐकू नका, फसवणूक असती म्हणून? नेजकर गुरुजींनी ते पाठ केलंय.” ते उठले आणि मिक्सरचे स्क्रू एका वाटीत काढून ठेवले. “माझं ऐकतील. पर मी हिंडाय-फिराय पायजे. हात चालू हाईत तवर फिरून येऊ.”

“मधेच काही झालं तर?”

“तर झालं.”

मी भांडले. ओरडले. त्यांच्या हातातली कळ हिसकावून घ्यायला गेले, तर त्यांनी ती मूठ वर धरली, मी लहान असताना गोळ्या लपवायचे तशी. त्या मुठीला जराही कंप नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या स्थिर हाताचा राग आला.

जुनी स्कूटर त्यांनीच चालवली. मी मागे बसले आणि सगळ्या वाटेनं त्यांच्या खांद्याकडे बघत राहिले.

नेजकर गुरुजींनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि कळ छातीवर धरली. थोड्या वेळात त्यांचा डावा हात मांडीवर नाचू लागला. गुरुजींच्या सूनबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. चौगुले पैलवानांनी मात्र साफ नकार दिला. एके काळी आखाडा गाजवलेला तो माणूस म्हणाला, “आवटी, पुन्हा बायकोच्या हातानं जेवायला लावतोस व्हय मला?” बाबा त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आलो तेव्हा पैलवान भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडत होते, आणि त्यांचे खांदे रडण्यानं हलत होते की कंपानं, ते सांगता येत नव्हतं.

असं घरामागून घर झालं. प्रत्येक घरात बाबा एका माणसाचे हात परत थरथरते करून बाहेर पडत होते. प्रत्येक दारातून निघताना मी म्हणत होते, “आता तुमची.” आणि ते म्हणत होते, “एवढं एक घर.”

उपाध्ये काकूंच्या ओसरीवर असताना माझा फोन वाजला. सर होते.

“साताऱ्याच्या पुढे आलोय,” ते म्हणाले. “आणि घाबरू नकोस. तू लिहू नका म्हणालीस, पण उद्या कुणी चौकशी केली तर ते तुझ्या अंगाशी येईल. म्हणून गाडीतूनच माझ्या नावानं नोंद टाकली, सगळे डबे आणि मोरी तपासायला घ्या म्हणून. आत्ताच टाकली. आता तुझ्यावर काही येणार नाही.”

आयुष्यात कुणी माझ्यासाठी इतक्या मायेनं काही केलं नसेल. फोन तसाच टाकून मी ओरडले.

“बाबा! तुमची कळ! आधी तुमची!”

काकूंना स्वतःची कळ धड धरता येत नव्हती. बाबा त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले होते आणि कळ त्यांच्या छातीशी नेमकी जागेवर टेकवत होते. माझी हाक त्यांनी ऐकली. मान वळवून माझ्याकडे पाहिलंही. मग पुन्हा काकूंकडे वळले आणि त्यांची कळ दाबली. काकूंचे हात हलू लागल्याची खात्री केली. त्यानंतर खिशात हात घातला.

त्यांनी स्वतःची कळ छातीवर धरली आणि दाबली.

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. थरथर, म्हणत होते मी मनात. थरथर, थरथर. ज्या कंपापायी मी देवाशी भांडले होते, त्याच्यासाठी मी आता हात जोडून उभी होते. बाबांनी पुन्हा कळ दाबली. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबली. हात जसाच्या तसा होता.

“लागत न्हाई गं,” ते म्हणाले.

मी धावत जाऊन त्यांच्या हातातून कळ घेतली, दाबली, कातडीखालच्या चकतीवर घासली, ठोकली. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी हळूच आत वळली. ते तिच्याकडे बघत होते.

“सगळ्यांस्नी एकदम धरत नसंल,” ते म्हणाले. “एकामागनं एक बोलतंय म्हणालीस न्हवं ते? मग शेडबाळे आणि कोपऱ्यावरचा अण्णा, दोन घरं ऱ्हायलीत. तू जा.”

“मी नाही जाणार.”

“केतकी.” जबडा जड झाल्यासारखा त्यांचा शब्द ओढला जात होता. “अण्णा एकटा असतो. जा.”

मी गेले. स्कूटरला किक मारली आणि फाटकातून बाहेर पडले. मागे वळून पाहिलं नाही, असं सांगायला मला बरं वाटलं असतं. पण मी पाहिलं. उपाध्ये काकू आपल्या थरथरत्या हातांनी बाबांची हनुवटी धरून त्यांना काहीतरी विचारत होत्या, आणि बाबा उत्तर देत नव्हते.